साडेचार महिन्यांची लेक, ब्रॉन्किओलायटिस आणि ‘औषधच देत नाहीत’: नागपूरकरांनो, अनुभव सांगा

ओवीची_आई | नागपूर | १० डिसेंबर, रात्री ११.२०

हॉस्पिटलच्या खोलीतून लिहिते आहे, विस्कळीत झालं तर सांभाळून घ्या.

लेक साडेचार महिन्यांची. पूर्ण दिवसांची, जन्माच्या वेळी २.८ किलो, आता सहा किलो. मागच्या आठवड्यात जावेच्या मुलाला शाळेतून सर्दी आली. रविवारी हिचं नाक वाहू लागलं, सोमवारी खोकला. घराजवळच्या एका दवाखान्यात दोनदा वाफ (नेब्युलायझरने औषधाची) दिली, अँटिबायोटिक आणि सर्दी-खोकल्याचं औषध लिहून दिलं. काल रात्री ती दूधच ओढेना. तोंडात घ्यायची, दोन घोट घ्यायची, सोडून रडायची. बरगड्यांखाली खड्डा पडत होता, पोट उडत होतं. इथे आणलं तेव्हा सॅच्युरेशन (रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण) ८८ टक्के.

इथल्या डॉक्टरांनी ब्रॉन्किओलायटिस सांगितलं, म्हणजे छातीतल्या अगदी बारीक श्वासनळ्यांची सूज. नाकात ऑक्सिजनच्या नळ्या, नाक साफ करणं आणि राईल्स ट्यूबमधून (नाकातून पोटात घातलेल्या नळीतून) माझंच दूध, एवढंच चालू आहे. वाफ बंद, अँटिबायोटिक बंद. एक्स-रेसुद्धा काढला नाही. विचारलं तर म्हणाले, ‘हा विषाणूचा आजार आहे, याला मारणारं औषध नाही, बाळाला तग धरायला मदत करायची.’

सासूबाईंचं म्हणणं, लेकरू धापा टाकून राहिलं अन् हे नुसते बघून राहिले. भाऊजी म्हणतात उद्या सकाळी दुसरीकडे हलवू, जिथे नीट औषधपाणी करतात. ह्यांना काही सुचत नाही. मलाही. कुणाच्या बाळाला असं झालंय का? हलवू का?

---

संत्रानगरी | १० डिसेंबर, रात्री ११.४८

ताई, आमचा पोट्टा तीन महिन्यांचा होता तेव्हा हेच. पाच दिवस ऑक्सिजन आणि नळीने दूध, बाकी काही नाही. आम्हीही असेच भांडलो होतो डॉक्टरांशी. आता दोन वर्षांचा आहे, घरभर पळून राहिला. रात्री हलवायचा विचार करू नका.

---

वर्ध्याचा_डॉक्टर | ११ डिसेंबर, पहाटे ५.५५

मी बालरोगतज्ज्ञ आहे. तुमचं बाळ मी पाहिलेलं नाही, त्यामुळे निर्णय तिथल्या डॉक्टरांचा. पण तुम्ही जे वर्णन केलंय त्यात कुणी नुसतं बघत बसलेलं दिसत नाही. यालाच या आजाराची ट्रीटमेंट म्हणतात.

श्वासनलिका झाडासारखी फांद्या फुटत जाते. अगदी शेवटच्या डहाळ्या म्हणजे ब्रॉन्किओल. आरएसव्ही नावाचा विषाणू (बहुतेक वेळा हाच, कधी ऱ्हायनोव्हायरस किंवा मेटान्यूमोव्हायरस) तिथलं अस्तर सुजवतो. मेलेल्या पेशी आणि चिकट शेंबूड मिळून त्या डहाळ्या बुजवतात. मोठ्या माणसाला याच विषाणूने साधी सर्दी होते, कारण त्याच्या नळ्या रुंद. नळीची त्रिज्या निम्मी झाली की हवा ओढायला लागणारा जोर १६ पट होतो. मुळातच केसासारख्या नळ्या असलेल्या बाळाला थोडी सूजही का झेपत नाही, ते यातून कळेल.

आता वाफेचं. दम्यात नळीभोवतीचे स्नायू आवळले जातात, वाफेतलं सालब्युटामॉल हे औषध ते सैल करतं. इथे स्नायूंचा दोषच नाही, दोष सुजेचा आणि गाळाचा. गाळाने तुंबलेल्या नळाला बाहेरून तेल लावून पाणी येत नाही. अमेरिकेच्या बालरोग अकादमीने २००६ साली ‘एकदा देऊन पाहायला हरकत नाही’ असं म्हटलं होतं, २०१४ मध्ये तेही काढून घेतलं. आमच्यातले पुष्कळ जण जुन्या शिकवणीवर आहेत, म्हणून वाफ अजून दिली जाते. स्टिरॉइडचंही तेच: सूज कमी होईल असं वाटतं, पण अभ्यासांत फायदा दिसला नाही. अँटिबायोटिक विषाणूवर चालत नाही. सोबत जिवाणूंचा संसर्ग आहे असं दिसलं तरच ते द्यायचं. छातीवर थापट्या मारण्याची फिजिओथेरपीही नेहमीच्या केसमध्ये नको. एक्स-रे सरसकट काढला तर धूसर सावल्या दिसतात, त्यांना न्यूमोनिया समजून उगाच अँटिबायोटिक सुरू होतं.

राहतात दोन गोष्टी, आणि बाळ त्यांच्यावरच बरं होतं. सॅच्युरेशन ९० च्या खाली राहिलं तर ऑक्सिजन (सहा आठवड्यांपेक्षा लहान बाळाला ब्रिटनच्या मार्गदर्शिकेत ही रेघ ९२ वर आहे). आणि पोटात दूध किंवा शिरेतून पाणी, म्हणजे थकलेलं बाळ सुकत नाही. तुमच्याकडे दोन्ही चालू आहे.

एक मात्र मनाची तयारी ठेवून ऐका. हा आजार तिसऱ्या ते पाचव्या दिवशी सर्वांत जास्त वाढतो. रविवारपासून मोजलं तर आज पाचवा दिवस. आज ती थोडी जास्त आजारी वाटली तर डॉक्टर चुकले असं लगेच ठरवू नका. आणि या अवस्थेत ऑक्सिजन काढून गाडीत घालून दुसरीकडे नेणं, यात जोखीम आहे. तिथे आयसीयूची सोय आहे का, एवढं आज विचारून ठेवा.

---

वॉर्डताई | ११ डिसेंबर, सकाळी ९.१०

वरच्या डॉक्टरांशी सहमत. मी लहान मुलांच्या वॉर्डात अठरा वर्षं सिस्टर आहे, त्यामुळे हातचं सांगते.

एवढी लहान बाळं मुख्यतः नाकाने श्वास घेतात. नाक बंद असताना दूध ओढायचं म्हणजे श्वास रोखून पाणी पिण्यासारखं. ती दोन घोट घेऊन सोडते ते त्यामुळे, दूध नको म्हणून नाही. थोडं बरं वाटून अंगावर पाजायला सांगतील, तेव्हा पाजण्याच्या पाच मिनिटं आधी एकेका नाकपुडीत साध्या सलाईनचे दोन थेंब घाला, मग पुढचा शेंबूड हलक्या हाताने काढा. आत खोल काही घालू नका, आतली कातडी सुजते आणि नाक आणखी बंद होतं. पाजायचं थोडं थोडं, पण लवकर लवकर.

राईल्स ट्यूबला घाबरू नका. सिरिंजचा दट्ट्या काढून ती नुसती उंच धरायची, दूध आपल्या वजनाने उतरतं. ढकलायचं नाही. आईने स्वतः ती सिरिंज धरली की आईचाही जीव शांत होतो, हे मी कितीतरी वेळा पाहिलंय. सिस्टरला विचारा, धरू देतील.

आणि मॉनिटरकडे पाहत बसू नका ताई. पायाला लावलेला लाल दिवा हलला तरी आकडा पडतो. बाळाकडे पाहा: ओठांचा रंग, नाकपुड्या फुलतात का, कण्हल्यासारखा आवाज येतो का, मध्येच श्वास थांबतो का. यातलं काही दिसलं तर लगेच हाक मारा, आकडा काहीही असो. झोपली असेल तर झोपू द्या, नातेवाइकांना उचलून पाहायला देऊ नका. या आजारात झोप फार कामाची.

---

मालती_आजी | ११ डिसेंबर, दुपारी १.३०

मी चार लेकरं आणि सहा नातवंडं वाढवली. नळ्या घालून ठेवण्यापेक्षा ओवा-लसणाची धुरी द्यावी, छातीला कापराचं तेल चोळावं, वेखंड उगाळून मधाचं बोट चाटवावं. कफ सुटतो. आम्ही हेच केलं.

---

वॉर्डताई | ११ डिसेंबर, दुपारी २.१५

आजी, तुमचा जीव तुटतो म्हणून तुम्ही सांगता, हे मला कळतं. माझी आईही हेच करायची. पण ज्याच्या नळ्या आधीच बुजल्या आहेत त्याला धूर दिला तर त्या आणखी सुजतात. मग तो धूर ओव्याचा असो, शेगडीचा असो की सिगरेटचा. कापूर लहान बाळाच्या पोटात किंवा कातडीतून गेला तर झटके येऊ शकतात, आमच्या वॉर्डात अशी बाळं आलेली आहेत. मध वर्षाच्या आतल्या बाळाला कधीच नाही, त्यात असलेल्या जिवाणूंच्या बीजाणूंमुळे बाळाचं अंग लुळं पडू शकतं.

मेळघाटात पोट उडणाऱ्या तान्ह्या बाळाला तापल्या विळ्याने पोटावर चटके देतात, डंबा म्हणतात. तीही माणसं लेकराच्या मायेनेच करतात. माझ्या हातांनी अशा पोटांना ड्रेसिंग केलंय, म्हणून सांगते.

घरातल्या आजीसाठी काम आहेच. मोठ्या नातवाला बाळापासून लांब ठेवणं, घरात शिरलेल्या प्रत्येकाला साबणाने हात धुवायला लावणं, बाळाच्या आईला दोन घास गरम खाऊ घालणं. हे आजीनेच करावं, दुसऱ्या कुणाचं घरात ऐकत नाहीत.

---

ओवीची_आई | ११ डिसेंबर, रात्री १०.०५

डॉक्टर, तुम्ही म्हणालात तसंच झालं. संध्याकाळी ती जास्त थकली. नाकपुड्या फुलत होत्या, दर श्वासाला मान पुढे जात होती. साध्या ऑक्सिजनवर आकडा ८९-९० वर अडकला. मग आयसीयूत घेऊन हाय फ्लो लावला. जाड नळ्या, गरम ओलसर हवा, मिनिटाला १२ लिटर. लावल्यावर पंधरा-वीस मिनिटं ती रडली, मग एकदम गप्प झाली. मी घाबरले. सिस्टर म्हणाली, ‘झोपली हो, बघा खड्डा किती कमी झाला.’ बरगड्यांखालचा तो खड्डा खरंच उथळ झाला होता.

दूध तासाला थोडं थोडं, नळीतून. मी सिरिंज धरली. ३० मिली दूध उतरायला जो वेळ लागतो तेवढ्या वेळात मी तिच्या गालावरची पांढरी पट्टी पाहत होते, तिच्या एका कडेला माझ्या साडीचा धागा चिकटला होता.

भाऊजी अजून म्हणतात, आधीच हाय फ्लो लावला असता तर? हा प्रश्न मलाही छळतो.

---

वर्ध्याचा_डॉक्टर | १२ डिसेंबर, सकाळी ६.२०

याचं उत्तर आहे. २०१८ मध्ये ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधला १४७२ बाळांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. साध्या ऑक्सिजनवर ठेवलेल्यांपैकी २३ टक्के बाळांना तो पुरला नाही, हाय फ्लोवर सुरुवात केलेल्यांपैकी १२ टक्क्यांना तो पुरला नाही. पण साधा ऑक्सिजन न पुरलेल्यांना नंतर हाय फ्लो लावल्यावर ६१ टक्के बाळं सावरली, आणि दोन्ही गटांत हॉस्पिटलातले दिवस सारखेच राहिले. म्हणजे आधी साधा ऑक्सिजन, लक्ष ठेवायचं, गरज पडली की वेळेवर पुढची पायरी. तुमच्याकडे नेमकं तेच झालं. वेळ वाया गेला नाही. याने भागलं नाही तर सीपॅप (सतत दाबाने हवा देणारं यंत्र) असतो, आणि अगदी थोड्या बाळांना व्हेंटिलेटर लागतो.

---

धरमपेठचा_बाबा | १२ डिसेंबर, सकाळी ११.४०

डॉक्टर, वाफेबद्दल मला पटलं नाही. आमच्या मुलाला वाफेने दहा मिनिटांत फरक पडतो, डोळ्यांनी पाहिलंय. वय पावणेदोन वर्षं, चौथ्यांदा छाती वाजली. घरात मला आणि माझ्या आईला दमा आहे.

---

वर्ध्याचा_डॉक्टर | १२ डिसेंबर, दुपारी ३.००

तुम्ही पाहिलं ते खरं आहे. तुमचा मुलगा वयाने मोठा आहे, पुन्हा पुन्हा छाती वाजते आणि घरात दमा आहे. त्याचे स्नायू आवळत असणार, म्हणून वाफ लागू पडते, ती बंद करू नका. ओवी साडेचार महिन्यांची, पहिल्यांदाच, सर्दीतून सुरू झालेलं. घरघर दोघांचीही सारखी वाजते, पण आजार वेगळे.

---

सावनेरकर | १२ डिसेंबर, रात्री ८.३०

ओवीच्या आई, त्या पहिल्या दवाखान्यातलं खोकल्याचं औषध फेकून द्या. मी छिंदवाडा रोडवर राहतो. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात मध्य प्रदेशातल्या परासियाकडची लेकरं याच रस्त्याने नागपूरला आणत होते. साध्या सर्दी-खोकल्याला दिलेल्या सिरपमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल नावाचं विषारी रसायन निघालं. लघवी बंद, किडन्या गेल्या. आमच्या ओळखीतलं एक लेकरू होतं त्यात. तेव्हापासून आमच्या घरात बाळांसाठी ती बाटलीच नाही.

---

वर्ध्याचा_डॉक्टर | १२ डिसेंबर, रात्री ९.१५

सावनेरकर, फार वाईट झालं ते. त्या घटनेनंतर केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने स्पष्ट कळवलं की दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं द्यायचीच नाहीत, आणि पाच वर्षांपर्यंतही सहसा नकोत. त्याआधी डिसेंबर २०२३ मध्येच क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलेफ्रिन यांचं मिश्रण चार वर्षांखालच्यांना देऊ नये, असा आदेश निघाला होता. बाटलीत भेसळ नसली तरी ब्रॉन्किओलायटिसमध्ये या औषधांचा उपयोग नाही. ताप असेल तर वजनावर मोजून पॅरासिटामॉल, एवढंच.

---

गोंडवन | १३ डिसेंबर, सकाळी ७.४५

मी गडचिरोली जिल्ह्यातला शिक्षक. माझी आजी दाई होती. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गावागावांत न्यूमोनिया ओळखायला शिकवलं. दायांना आकडे येत नव्हते, म्हणून मिनिटभराचं वाळूचं घड्याळ आणि मण्यांचं एक उपकरण दिलं होतं, श्वास मोजत मणी सरकवायचे. निरक्षर बाई जे करू शकली ते आपण मोबाइल हातात असून करत नाही.

बाळ शांत किंवा झोपलेलं असताना कपडा वर करून पोटाकडे पाहा आणि पूर्ण एक मिनिट मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका, बाळांचा श्वास एकसारखा नसतो. दोन महिन्यांच्या आत ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, तर तो जोराचा श्वास. त्याच दिवशी डॉक्टर. ७० च्या वर असेल, छातीत खड्डा पडत असेल, बाळ नेहमीच्या निम्मंही दूध घेत नसेल किंवा बारा तासांत लंगोट ओला झाला नसेल, तर रात्र असो की पहाट, निघायचंच.

---

अंबाझरी | १३ डिसेंबर, दुपारी १२.१०

खर्चाबद्दल कुणी बोललं नाही म्हणून. माझ्या बहिणीच्या बाळाला खाजगीतलं आयसीयू झेपणारं नव्हतं. वर्षाच्या आतल्या आजारी बाळाला सरकारी रुग्णालयात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली उपचार, औषधं, तपासण्या, ने-आण मोफत आहे. नागपुरात मेडिकल (सरकारी मेडिकल कॉलेजचं रुग्णालय) आहे, मेयो आहे, मिहानला एम्स आहे. रुग्णवाहिकेला १०८. गर्दी असते, बाकावर झोपावं लागतं, पण ऑक्सिजन तोच असतो. पैशांसाठी कुणी घरी थांबू नये म्हणून लिहिलं.

---

मोगरा२१ | १३ डिसेंबर, रात्री ९.५०

मी सात महिन्यांची गरोदर आहे. धागा वाचून पोटात गोळा आला. आधीच काही करता येतं का?

---

वर्ध्याचा_डॉक्टर | १४ डिसेंबर, सकाळी ६.४०

येतं. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत आईला द्यायची आरएसव्हीची लस आणि बाळाला जन्मानंतर एकदाच द्यायचं निर्सेव्हिमॅब नावाचं तयार प्रतिपिंडाचं इंजेक्शन, या दोन्हींना अमेरिकेत २०२३ मध्ये मान्यता मिळाली. तुम्ही आताच तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारा, कारण लस द्यायचे आठवडे ठरलेले असतात. बाळ वेळेआधी झालं किंवा त्याला हृदयाचा जन्मजात दोष असला तर हे आणखी महत्त्वाचं. बाकी अंगावरचं दूध, हात धुणं, घरात धूम्रपान नाही, आणि बारशाला सर्दीवाल्या पाहुण्यांना दारातूनच नमस्कार.

---

ओवीची_आई | १५ डिसेंबर, संध्याकाळी ६.३०

शनिवारी सकाळी हाय फ्लोचा वेग कमी केला, रात्री साध्या नळ्या. रविवारी त्याही काढल्या. झोपेत आकडा एकदा ८९ वर गेला आणि आपोआप वर आला, सिस्टर म्हणाल्या असं होतं. काल दुपारी राईल्स ट्यूब काढली आणि तिने सलग आठ मिनिटं दूध ओढलं. मी घड्याळ लावून पाहिलं. मधे एकदा थांबून माझ्याकडे पाहिलं आणि परत लागली.

आज घरी आलो. सासूबाईंनी दारातच सगळ्यांना हात धुवायला लावले. जावेच्या मुलाला आठ दिवस मामाकडे पाठवलंय. मालती आजी, तुमचं नाव मी त्यांना सांगितलं, म्हणाल्या, ‘त्यांना विचार, आजी म्हणून मी काय करू?’ मी म्हटलं, मला खिचडी करून द्या. डॉक्टरांनी बजावलंय की खोकला दोन-तीन आठवडे चालेल, त्यासाठी काही औषध द्यायचं नाही.

---

मालती_आजी | १५ डिसेंबर, रात्री ८.००

लेकरू घरी आलं, फार बरं वाटलं. धुरीचं माझ्या सुनेलाही सांगितलं, आता नको म्हणून. खिचडीत तूप जास्त घाला, बाळंतिणीला चालतं.

---

कामठीकर_८ | २८ डिसेंबर, रात्री १.१०

कुणी जागं आहे का? मुलगा सात आठवड्यांचा. तीन दिवस सर्दी. आज दूध कमी. वर लिहिलंय तसं झोपेत पूर्ण मिनिट मोजलं. ६६. परत मोजलं, ६८. ताप नाही. सकाळी नेऊ का? बाहेर खूप थंडी आहे.

---

वॉर्डताई | २८ डिसेंबर, रात्री १.१४

आत्ता निघा. दोन महिन्यांच्या आतलं बाळ मध्येच श्वास थांबवू शकतं, ताप नसला तरी. १०८ ला फोन करा, गाडी असेल तर मेडिकल किंवा मेयो, जे जवळ पडेल ते. टोपी घाला, पण नाकातोंडावर दुपटं ओढू नका. आईने मांडीवर अर्धवट उभं धरून बसावं, चेहरा सतत दिसला पाहिजे. रस्त्यात दूध पाजू नका.

---

कामठीकर_८ | २८ डिसेंबर, रात्री २.३५

पोचलो. ८७ होतं. ऑक्सिजन लावलाय, ९५ झालं. भरती करून घेत आहेत. राईल्स ट्यूब घालणार म्हणतात. मिसेस रडते आहे.

---

ओवीची_आई | २८ डिसेंबर, रात्री २.४१

दादा, मी जागी आहे, हिला पाजते आहे. वहिनींना सांगा, सिरिंज त्यांनीच हातात धरावी. दट्ट्या काढून, उंच. आणि उद्या घरून येणाऱ्यांना पाच-सहा जास्तीची दुपटी आणायला सांगा, तिथे कमी पडतात.